विश्रांतीचा हक्क आणि स्वतःचा वेळ: संयुक्त अरब अमिरातीतील मराठी कुटुंबांच्या संदर्भात

आखाताच्या किनाऱ्यावर माणसाने केव्हा काम करावे आणि केव्हा थांबावे, हे तेल सापडण्यापूर्वी ऊनच ठरवत असे. उन्हाळा लागला की किनाऱ्यावरची अनेक कुटुंबे अल ऐन, लिवा, रास अल खैमा या भागांतल्या खजुरीच्या बागांकडे जात आणि ऊन उतरल्यावर परत येत. मागे राहिलेल्यांच्या घरांवर वातमनोरे असत. दुबईच्या अल फहिदी वस्तीत ते आजही उभे आहेत. बाजार सकाळी भरे, दुपारी मिटे आणि संध्याकाळी पुन्हा उघडे. बुर दुबई आणि देरा येथील जुन्या दुकानांत ही दोन पाळ्यांची रीत अजूनही आढळते. अर्थात ही विश्रांती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नव्हती. याच उन्हाळी महिन्यांत पाणबुडे मोत्यांच्या बोटींवर असत, आणि त्यांचे श्रम जिवावर बेतणारे होते.

वातानुकूलन आले आणि हा सगळा हिशेब मोडला. कार्यालय, मॉल, गोदाम, रुग्णालय बाराही महिने एकाच गतीने चालू लागले. निसर्ग जी विश्रांती सक्तीने घ्यायला लावत होता, ती आता कायद्याने, करारातून किंवा घरातल्या समजुतीने मिळवावी लागते. संयुक्त अरब अमिरातीत स्वतःच्या प्रकृतीसाठी वेळ काढण्याचा विचार येथूनच सुरू करावा लागतो.

अमिरातीच्या लोकसंख्येत भारतीयांचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास आहे. त्यांतले मराठी भाषक एकाच थरातले नाहीत. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतून आलेली, पिढ्यान्‌पिढ्या आखाताशी बांधलेली कोकणी मुस्लिम घराणी आहेत. पुण्या-मुंबईहून आलेले अभियंते, बँकेतले अधिकारी, परिचारिका आणि शिक्षिका आहेत. दुकानदार, वाहनचालक आणि बांधकामावरचे सुतार-फिटरही आहेत. व्हिसाचा प्रकार, पगार आणि राहण्याची जागा यांनुसार प्रत्येकाच्या दिवसाचा आकार बदलतो. मात्र एक सवय जवळजवळ सर्वांमध्ये सारखी दिसते. पगार झाला की आधी घरी पैसे पाठवले जातात आणि उरलेल्यात महिना काढला जातो. वेळेच्या बाबतीत नेमके उलटे घडते: नोकरी, रस्ता, मुले, नातेवाईक यांना देऊन झाल्यावर जो वेळ उरेल तो स्वतःचा, आणि तो सहसा उरत नाही. पैशाला लावलेली शिस्त वेळेला लावता येते, हा या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा आहे. त्याला जोडून दुसरा मुद्दा असा की, ती एकट्याच्या निश्चयाने लागत नाही. दुसऱ्या कोणाला तरी आपल्या वागण्यात बदल करावा लागतो. तो कधी मालकाला, कधी शाळेला आणि पुष्कळदा नवऱ्याला करावा लागतो.

मराठी समाजाला हा विचार नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत एकोणिसाव्या शतकात सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’चे संपादक असलेल्या लोखंडे यांनी त्याच वर्षी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तरी थेट वाटतात: रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अपघातात जखमी झालेल्याला भरपाई. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली.

या इतिहासाची आठवण येथे केवळ अभिमानापोटी करायची नाही. लोखंडे यांच्या मागणीत आरोग्य, कुटुंब आणि देवधर्म या तिन्हींसाठी लागणारा वेळ एकत्र बांधलेला होता. सुट्टी ही मालकाने दाखवलेली कृपा असते, ही कल्पना तिने मोडली. रत्नागिरी जिल्ह्याने एके काळी गिरणगावाला माणसे पुरवली आणि पुढे आखाताला पुरवली. गिरणगावात मिळवलेली ही समज मात्र त्या माणसांबरोबर नेहमीच पोचली असे दिसत नाही. परदेशात नोकरी मिळाली हेच मोठे, सुट्टी कसली मागायची, असा संकोच अनेक सुशिक्षित घरांतही आढळतो. तो सोडून देण्याजोगा आहे, कारण आज अमिरातीचा कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे.

खासगी क्षेत्रातील नोकऱ्यांना २०२१ चा संघीय कायदा क्रमांक ३३ लागू आहे. तो २ फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आला. दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा आहे. सलग पाच तासांहून अधिक काम करून घेता येत नाही. मध्ये एकूण किमान एक तासाची विश्रांती द्यावी लागते आणि ती कामाच्या तासांत धरली जात नाही. जादा काम दिवसाला सर्वसाधारणपणे दोन तासांपर्यंतच घेता येते आणि त्याचे वेतन किमान २५ टक्के वाढीव असते. रात्री दहा ते पहाटे चार या वेळेत ही वाढ ५० टक्के होते. आठवड्याला किमान एक दिवस पगारी सुट्टी आहे. रमजानमध्ये रोजचे काम दोन तासांनी कमी होते आणि ही सवलत कायद्याने धर्म पाहून दिलेली नाही, त्यामुळे ती मराठी हिंदू किंवा बौद्ध कर्मचाऱ्यालाही मिळते. दुबईचे आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र आणि अबुधाबीचे ग्लोबल मार्केट यांचे नोकरीविषयक कायदे वेगळे आहेत, म्हणून तेथील कर्मचाऱ्यांनी आपला करार स्वतंत्रपणे वाचायला हवा.

४८ तासांची ही रेषा कशासाठी आहे, हे वैद्यकशास्त्रही सांगते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो. भारतीय उपखंडातील लोकांना मधुमेह आणि हृदयविकार तुलनेने कमी वयात गाठतात, ही गोष्ट त्यात मिळवली की तिशी-चाळिशीतल्या माणसाने ‘अजून दोन वर्षे असेच रेटू’ म्हणणे किती महाग पडू शकते, हे लक्षात येते.

उन्हात काम करणाऱ्यांसाठी २००५ पासून दुपारची सक्तीची विश्रांती आहे. सध्याच्या नियमानुसार १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन थेट उन्हात, उघड्यावर काम करून घेता येत नाही. नियम मोडणाऱ्या कंपनीला प्रत्येक कामगारामागे ५,००० दिरहम आणि जास्तीत जास्त ५०,००० दिरहम दंड होतो. गेल्या काही वर्षांत डिलिव्हरीच्या दुचाकीस्वारांसाठी ठिकठिकाणी वातानुकूलित थांबेही उभे राहिले आहेत. लोखंडे यांच्या निवेदनातली दुपारच्या विश्रांतीची मागणी येथे अडीच तासांची होऊन आली आहे, असे म्हटले तर ते वावगे नाही. पण हे अडीच तास खरी विश्रांती ठरतात की नाही, हे सावली, थंड पाणी आणि पाठ टेकायला जागा यांवर अवलंबून असते. घामावाटे गेलेले पाणी आणि क्षार भरून आले नाहीत तर मुतखडे होऊ शकतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहणे हा या हवामानातला पहिला उपचार आहे.

आठवड्याच्या सुट्टीचा वार या देशात बदलत आला आहे. सप्टेंबर २००६ पासून शुक्रवार-शनिवार सुट्टी होती. १ जानेवारी २०२२ पासून संघीय सरकारने शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस ही व्यवस्था स्वीकारली. शारजाने तर शुक्रवार धरून तीन दिवस सुट्टी दिली. दुबई सरकारने २०२५ च्या उन्हाळ्यात आपल्या कर्मचाऱ्यांच्या दोन गटांपैकी एकाला शुक्रवार पूर्ण मोकळा, तर दुसऱ्याला रोज थोडे कमी तास असा पर्याय दिला. खासगी कंपन्यांना हे वेळापत्रक बंधनकारक नाही. दुकाने, हॉटेले, बांधकाम, वाहतूक या क्षेत्रांत सहा दिवसांचा आठवडा सर्रास चालतो. मराठी घरांना या बदलाचा एक मोठा फायदा झाला. पूर्वी गावाकडचा रविवार इकडे कामाचा दिवस असे. आता सांगली-साताऱ्यातले आईवडील आणि इकडची मुले एकाच दिवशी मोकळी असतात. मात्र वडील मॉलमध्ये नोकरीला असतील तर शनिवार-रविवार हेच त्यांचे सर्वांत गर्दीचे दिवस असतात. अशा घरात मुलांची आणि त्यांची सुट्टी महिनोन्‌महिने एकत्र येत नाही.

कायद्याने मर्यादा घातलेल्या आठ तासांबाहेर वेळेचा सर्वांत मोठा चोर म्हणजे रस्ता. भाडे परवडते म्हणून हजारो कुटुंबे शारजा आणि अजमानमध्ये राहतात आणि नोकरीसाठी रोज दुबईला जातात. अल इत्तिहाद रोड आणि शेख मोहम्मद बिन झायेद रोडवरची सकाळ-संध्याकाळची कोंडी या प्रवाशांना वेगळी सांगावी लागत नाही. दुबई मेट्रो ९ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झाली, पण ती शारजापर्यंत जात नाही. बस, स्वतःची गाडी किंवा ‘कारलिफ्ट’, म्हणजे पैसे देऊन दुसऱ्याच्या गाडीतून केलेला प्रवास, हेच मार्ग उरतात. घरापासून कामापर्यंतचा हा वेळ कायदा सर्वसाधारणपणे कामाच्या तासांत धरत नाही. जाता-येता प्रत्येकी सव्वा तास धरला तर पाच दिवसांचे साडेबारा तास होतात, म्हणजे दीड पाळीहून अधिक.

घर निवडताना भाड्यातल्या फरकाचा हिशेब सगळे करतात. या साडेबारा तासांचा हिशेब क्वचितच होतो. आठवड्यातून दोन दिवस घरून काम मिळवणे, कामाची वेळ सकाळी सातला सरकवून घेणे, मुलांची शाळा बदलण्याच्या वर्षी घरही बदलणे, हे निर्णय व्यायामशाळेच्या वार्षिक वर्गणीपेक्षा जास्त वेळ मोकळा करतात. जे घर बदलू शकत नाहीत त्यांनी निदान एवढे पाहावे की कारलिफ्टमधला तास फोनवर कार्यालयाची कामे उरकण्यात जाणार नाही. डोळे मिटून बसलेला माणूस आळशी नसतो.

घरातला वेळ हा या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. भारताच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकामात सहभागी होणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर सहभागी होणारे पुरुष ८८ मिनिटे. विमानतळावर उतरल्याने ही विभागणी बदलत नाही. उलट अधिक घट्ट होते. गावाकडे सासू, नणंद, शेजारीण, धुणीभांडी करणाऱ्या बाई यांचा जो आधार असतो तो येथे नसतो. स्कूल बस भल्या सकाळी येते, म्हणजे डबे त्याआधी. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या आणि स्वतः नोकरी न करणाऱ्या स्त्रीबद्दल ‘ती तर घरीच असते’ असे म्हटले जाते. तिच्याकडे वाहन चालवण्याचा परवाना नसेल, आणि तो मिळवणे महाग आहे, तर उन्हाळ्याचे चार महिने ती अक्षरशः चार भिंतींत असते. नोकरी करणाऱ्या स्त्रीची दुसरी पाळी संध्याकाळी घरी सुरू होते. दोघींनाही लागू पडणारा उपाय एकच: आठवड्यातली एक ठरलेली सकाळ किंवा संध्याकाळ पूर्णपणे तिची असावी आणि त्या वेळी स्वयंपाक, मुले आणि पाहुणे ही नवऱ्याची जबाबदारी असावी. ‘तू जा, मी बघतो’ हे वाक्य तिने मागितल्यावर नव्हे, वेळापत्रकात लिहूनच यायला हवे. पाहुण्यांचा प्रश्नही येथे खरा आहे. व्हिजिट व्हिसावर आलेले नातेवाईक महिना-दोन महिने राहतात. त्यांना फिरवणे आणि रोज चार भाज्या करणे ही सेवा प्रेमाची असली तरी तिचा भार एकाच व्यक्तीवर पडू नये.

ज्या घरांत पूर्णवेळ मदतनीस आहे, तेथे आणखी एका माणसाच्या वेळेचा प्रश्न असतो. २०२२ च्या संघीय कायदा क्रमांक ९ नुसार घरकामगाराला दिवसाला किमान बारा तास विश्रांती द्यावी लागते आणि त्यांतले आठ तास सलग असावे लागतात. आठवड्याला एक पगारी सुट्टीही आहे. घरातील बाईंची विश्रांती मदतनिसाच्या विश्रांतीतून कापून मिळवली जात असेल तर ते आरोग्याचे नियोजन नव्हे.

एकट्या पुरुषांचे, म्हणजे स्थानिक बोलीत ‘बॅचलर’ लोकांचे, जग वेगळे आहे. त्यांतले बहुतेक विवाहित असतात. बेडस्पेसवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या एका खाटेवर, किंवा कंपनीच्या अकोमोडेशनमध्ये एका खोलीत अनेक जण राहतात. कोणाची रात्रपाळी, कोणाची दिवसपाळी, आणि दिवा व फोनचा आवाज सर्वांचा. येथे सर्वांत मौल्यवान गोष्ट झोप आहे. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. खोलीतल्यांनी मिळून दिवे मालवण्याची वेळ ठरवणे आणि फोनवर बोलायला बाहेर जाणे, एवढ्याने तिच्यात पुष्कळ फरक पडतो. मेसचा भात आणि करक चहा यांवर दिवस काढणाऱ्याने डाळ, अंडी, पालेभाजी वाढवणे आणि साखर कमी करणे गरजेचे आहे. भारतीयांच्या बाबतीत कमरेचा घेर पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नये, असे वैद्यक सांगते. शिंप्याची साधी टेप पुरते. रक्तातली साखर आणि रक्तदाब वर्षातून एकदा तपासण्यासाठी पैशाची अडचण आता तुलनेने कमी आहे: दुबई आणि अबुधाबीत आरोग्यविमा आधीपासून सक्तीचा होता आणि १ जानेवारी २०२५ पासून उरलेल्या अमिरातींतल्या खासगी कर्मचाऱ्यांनाही मूलभूत विम्याची सक्ती लागू झाली.

व्यायामाचे वेळापत्रक या देशात ऋतूनुसारच आखावे लागते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची शारीरिक हालचाल सुचवते. नोव्हेंबर ते मार्च या काळात ती सहज होते. दुबईतले झबील पार्क आणि ममझर, अबुधाबीची कॉर्निश, शारजातले अल मजाझ ही ठिकाणे संध्याकाळी चालणाऱ्यांनी भरलेली असतात. दुबईचे युवराज शेख हमदान बिन मोहम्मद यांनी २०१७ मध्ये सुरू केलेले दुबई फिटनेस चॅलेंज, म्हणजे तीस दिवस रोज तीस मिनिटे व्यायाम, याच काळात येते. खरी कसोटी जून ते सप्टेंबरची. तेव्हा सूर्य वर येण्यापूर्वीची वेळ, इमारतीचा जिना, घरातली सूर्यनमस्कारांची जागा आणि मॉलचे लांब रस्ते एवढेच हाताशी असते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दुबईतल्या काही मॉलनी सकाळी चालण्या-धावण्यासाठी जागा मोकळी करून दिली होती. उन्हाच्या या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, कारण माणसे उन्हात जातच नाहीत. अंगदुखी आणि थकवा महिनोन्‌महिने टिकला तर ती तपासणी करून घ्यावी. स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नयेत.

मनाचे आरोग्य हा विषय मराठी घरांत अजूनही दबक्या आवाजात बोलला जातो. गावाकडची वेळ अमिरातीपेक्षा दीड तास पुढे असते. येथे कामावरून परतून जेवण होईपर्यंत तिकडे आईवडील झोपायला निघालेले असतात, त्यामुळे रोजचा फोन घाईचा आणि काळजीचा होतो. दोन्हीकडे सोयीची अशी ठरावीक वेळ नेमली की ही घाई जाते. नोकरी गेली तर व्हिसाही जाईल ही भीती बहुतेकांच्या मनात कायम असते, आणि ती बोलून दाखवायला जागा लागते. महाराष्ट्र मंडळे, घरगुती गणपतीच्या आरत्या, शुक्रवारी किंवा रविवारी जमणारे क्रिकेटचे गट ही जागा काही अंशी पुरवतात. मात्र मंडळाचे काम हीच आणखी एक नोकरी होऊ लागली तर एक वर्ष पद सोडावे. याहून अधिक त्रास असेल तर तज्ज्ञाकडे जाण्यात कायद्याचा आधार आहे. मे २०२४ मध्ये अमलात आलेल्या मानसिक आरोग्याच्या संघीय कायद्याने रुग्णाची गोपनीयता जपली आहे आणि केवळ मानसिक आजाराच्या कारणावरून, तज्ज्ञांच्या अहवालाशिवाय, नोकरीवरून काढण्यास मज्जाव केला आहे. कामगारांसाठी दुबईतले भारतीय कामगार संसाधन केंद्र २०१० मध्ये सुरू झाले. त्याचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केले. पुढे ते प्रवासी भारतीय साहाय्यता केंद्र झाले. तेथे कायद्याच्या आणि पैशाच्या सल्ल्याबरोबर मानसिक समुपदेशनाचीही सोय ठेवण्यात आली.

शेवटचा भाग वार्षिक रजेचा. नोकरीला एक वर्ष झाल्यावर वर्षाला ३० दिवसांची पगारी रजा मिळते. सहा महिन्यांनंतर, वर्ष भरेपर्यंत, महिन्याला दोन दिवसांप्रमाणे. रजेच्या तारखा मालक कामाच्या गरजेनुसार, कर्मचाऱ्याशी ठरवून निश्चित करतो आणि त्या किमान एक महिना आधी कळवाव्या लागतात. दोन वर्षांहून अधिक काळ कोणालाही रजेपासून रोखता येत नाही. व्यवहारात या ३० दिवसांत बँक, जमिनीची मोजणी, घराचे बांधकाम, दोन लग्ने आणि सगळ्या नातेवाइकांच्या भेटी बसवल्या जातात आणि माणूस गेला होता त्याहून थकून परततो. शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते आणि गणपती पुष्कळदा शाळा सुरू झाल्यावर येतात, त्यामुळे कोकणातल्या कुटुंबांना मुलांची सुट्टी आणि घरचा गणपती यांतून एकच निवडावे लागते. विमानाची तिकिटेही याच दोन हंगामांत सर्वांत महाग असतात. शक्य असेल तेथे रजेचे दोन भाग करावेत: एक गावाकडच्या कर्तव्यांचा, आणि दुसरा आठ-दहा दिवसांचा, ज्यात प्रवास नाही, पाहुणे नाहीत आणि कार्यालयाचा फोन बंद आहे. हिवाळ्यात हत्ताच्या डोंगरात किंवा फुजैराच्या किनाऱ्यावर हा दुसरा भाग फार खर्चाशिवाय घालवता येतो. त्याच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच, इतर कोणी मागण्यापूर्वी, मालकाकडे लेखी मागाव्यात.